चार्टिस्टांच्या सनदेत राजपद रद्द करण्याची मागणी का नव्हती?

पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने मला पुढील प्रश्न लिहून पाठवला आहे. चार्टिस्ट चळवळ ही एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमधल्या विणकर, खाणकामगार, शिंपी आणि जोडे शिवणाऱ्या लाखो लोकांची चळवळ होती. १८३८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘जनतेच्या सनदे’त सहा मागण्या होत्या, परंतु राजपद रद्द करावे अशी मागणी त्यांत कोठेही नव्हती. मग हे लोक मनातून राजनिष्ठ होते, की प्रजासत्ताकवादी असूनही शिक्षेच्या भीतीने गप्प बसले होते?

हा विषय मी अनेक वर्षे शिकवत आलो आहे आणि मला या दोन्ही पर्यायांपैकी एकही पुरेसा वाटत नाही. त्या काळातील कामगारवर्गीय जहालांची राजपदाशी भांडणे पुष्कळ होती, पण त्यांतले बहुतेक भांडण दोन प्रश्नांभोवती फिरत राहिले. राजघराण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हा पहिला प्रश्न होता. आणि गाऱ्हाणे घेऊन निघालेल्या गरीब माणसाला सिंहासनापर्यंत पोहोचू कोण देत नाही, हा दुसरा. सिंहासन असावे की नसावे हा तिसरा प्रश्न विचारणारी माणसेही होती. ती धीट होती, तुरुंगात गेली, पण शतकाच्या बहुतेक काळात संख्येने थोडीच राहिली.

सनदेच्या सहा मागण्या पाहिल्या तर हे स्पष्ट होते. सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार, गुप्त मतदान, उमेदवारीसाठी मालमत्तेची अट नसणे, खासदारांना वेतन, समान मतदारसंघ आणि दरवर्षी नवी संसद, अशा त्या मागण्या आहेत. साऱ्यांचा रोख एकट्या हाऊस ऑफ कॉमन्सवर आहे. कर बसवणारी, धान्यावरील जकात ठरवणारी, १८३४ चा कठोर दारिद्र्य कायदा करणारी आणि राजघराण्याची वर्षासने मंजूर करणारी सभा तीच होती. ती एकदा आपल्या मतांवर निवडून येऊ लागली म्हणजे राजपदाचे दात आपोआप पडतील, असा हिशेब त्यामागे होता, आणि तो मला भाबडा वाटत नाही. या लोकांना सत्ता नेमकी कोठे बसली आहे हे ठाऊक होते.

या वृत्तीचे सर्वांत बोलके उदाहरण सनदेच्या आदल्या वर्षीचे आहे. जून १८३७ मध्ये अठरा वर्षांची व्हिक्टोरिया राणी झाली, तेव्हा लंडन वर्किंग मेन्स असोसिएशन या संस्थेने तिला उद्देशून एक निवेदन तयार केले. संस्थेचा चिटणीस विल्यम लव्हेट हा लाकडी सामान बनवणारा कारागीर होता. निवेदनातील भाषा आदराची होती, पण देश मूठभरांच्या हाती आहे आणि राणीने आपल्या मंत्र्यांकडून मताधिकाराचा कायदा करवून घ्यावा, असे त्यात सरळ सांगितले होते. हे निवेदन आपल्या प्रतिनिधींनी स्वतःच्या हातांनी राणीला द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. गृहमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांच्याकडून उत्तर आले, की दरबार भरेल तेव्हा दरबारी पोशाखात यावे लागेल. दरबारी तलवारी, कोट आणि केसांचे टोप यांच्यासाठी आमच्याजवळ पैसाही नाही आणि असल्या प्रकारांची आम्हाला हौसही नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी परत पाठवले. कारागिराने नव्या राणीला काही सांगायचे ठरवले, तर आधी त्याच्या कपड्यांचा विचार झाला, ही गोष्ट त्या माणसांना किती झोंबली असेल, याची कल्पना येते. तरीही लव्हेटने तेथून प्रजासत्ताकाची घोषणा केली नाही. त्याने सनदेचा मसुदा लिहायला घेतला.

राजाकडे थेट जाण्याची ही धडपड जुनी होती. १६८९ च्या अधिकारपत्राने प्रजेला राजाकडे अर्ज करण्याचा हक्क दिला होता आणि कामगार नेते तो आपला पिढीजात हक्क मानत असत. मार्च १८१७ मध्ये मँचेस्टरहून हजारो विणकर प्रिन्स रीजंटला, म्हणजे आजारी राजा तिसरा जॉर्ज याच्या जागी कारभार पाहणाऱ्या त्याच्या मुलाला, अर्ज देण्यासाठी पायी लंडनला निघाले. रात्री अंथरायला प्रत्येकाच्या पाठीवर घोंगडी होती, म्हणून इतिहासात त्यांचे नाव ‘ब्लँकेटीअर्स’ असे राहिले. मोठ्या जमावाने अर्ज नेण्यास कायद्याची बंदी होती, म्हणून त्यांनी लहान लहान टोळ्या केल्या. कायदा इतक्या काळजीने पाळूनही घोडदळाने त्यांना वाटेतच, स्टॉकपोर्टच्या आसपास, उधळून लावले. दोन वर्षांनी, १६ ऑगस्ट १८१९ रोजी, मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात जमलेल्या सुमारे साठ हजार निःशस्त्र लोकांवर घोडेस्वार घातले गेले. किमान पंधरा माणसे मेली आणि शेकडो जखमी झाली. घोडेस्वार घालणाऱ्या दंडाधिकाऱ्यांचे प्रिन्स रीजंटने पत्र पाठवून आभार मानले. ज्याच्याकडे दाद मागायची त्यानेच मारणाऱ्यांची पाठ थोपटावी, ही गोष्ट लँकेशायरमधील घराघरांत पुढे अनेक वर्षे सांगितली गेली, आणि राजनिष्ठेचा जो काही अंश तेथे शिल्लक होता त्याला या एका पत्राने जेवढे नुकसान पोहोचवले तेवढे कोणत्याही प्रजासत्ताकवादी पुस्तकाने पोहोचवले नसेल, असे माझे मत आहे.

याच्या पुढच्याच वर्षी घडलेले कॅरोलिन प्रकरण अभ्यासकांना नेहमी गोंधळात टाकते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. जानेवारी १८२० मध्ये रीजंट चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला. त्याची वर्षानुवर्षे विभक्त राहिलेली पत्नी कॅरोलिन राणीपदाचा हक्क सांगण्यासाठी जूनमध्ये परत आली. राजाच्या आग्रहाने तिचे राणीपद काढून घेणारे आणि विवाह रद्द करणारे विधेयक लॉर्डांच्या सभेत मांडले गेले. व्यभिचाराच्या आरोपांवर तेथे अनेक आठवडे साक्षी झाल्या. एका राजघराण्यातील स्त्रीच्या बाजूने या वेळी रस्त्यावर कोण उतरले? विणकर, छापखान्यातील कामगार, खलाशी, धोबिणी, आणि त्यांच्यासोबत आदल्या वर्षापर्यंत राजाला शिव्या देणारे जहाल संपादक. शेतमजुरांच्या बाजूने लिहिणाऱ्या विल्यम कॉबेटने तर राणीच्या नावे राजाला पाठवायचे पत्रच लिहून दिले. अखेर विधेयकाला लॉर्डांच्या सभेत अवघे नऊ मतांचे आधिक्य मिळाले आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने ते मागे घेतले. लंडनमध्ये रात्रीमागून रात्री दिवे लागले.

ही राजनिष्ठा होती काय? मला तसे वाटत नाही. कॅरोलिनच्या निमित्ताने राजाविरुद्ध जे बोलल्याबद्दल एरवी तुरुंगात जावे लागले असते, ते ‘राणीचा विजय असो’ या घोषणेच्या आड उघडपणे बोलता आले. त्याचबरोबर, बलवान पुरुषाने, त्याच्या मंत्र्यांनी आणि पैसे घेऊन साक्ष देणाऱ्यांनी छळलेली एक स्त्री, हे चित्र कामगार वस्तीतील स्त्रियांना स्वतःच्या अनुभवातून कळत होते, आणि त्यांनी राणीला पाठवलेल्या मानपत्रांत ही आपुलकी खरी होती. जुलै १८२१ मध्ये सुमारे २ लाख ४० हजार पौंड खर्चून झालेल्या राज्याभिषेकाच्या दारातून तिला परत पाठवले गेले आणि तीन आठवड्यांच्या आत ती वारली. १४ ऑगस्टला तिची अंत्ययात्रा शहराबाहेरून गुपचूप काढण्याचा सरकारचा बेत लोकांनी मोडून काढला. त्या झटापटीत सैनिकांच्या गोळ्यांनी दोन माणसे मेली, त्यांतला एक सुतार होता आणि एक गवंडी. राणीच्या शवपेटीसाठी कारागिरांनी प्राण द्यावेत आणि त्यामुळे राजाची पत धुळीला मिळावी, अशी ही विलक्षण घटना आहे. ‘राजनिष्ठ’ आणि ‘प्रजासत्ताकवादी’ या दोन खणांत ती बसत नाही.

आता त्या थोड्या पण धीट माणसांकडे वळतो. त्यांचा मूळ पुरुष थॉमस पेन. तो आधी स्त्रियांच्या पोशाखाखालच्या घट्ट चोळ्या (कॉर्सेट) शिवणारा कारागीर होता आणि नंतर अबकारी खात्यातील अधिकारी. वंशपरंपरेने येणारा कायदेकर्ता हा वंशपरंपरेने येणाऱ्या गणितज्ञाइतकाच हास्यास्पद आहे, हा त्याचा युक्तिवाद ‘राइट्स ऑफ मॅन’ या १७९१-९२ च्या पुस्तकातून कामगारांच्या वाचनमंडळांत पोहोचला. विल्यम द कॉन्करर हा सशस्त्र टोळी घेऊन उतरलेला एक फ्रेंच अनौरस पुत्र होता, आणि आजच्या राजघराण्याचे मूळ त्यातच आहे, असे तो त्याआधी १७७६ मध्येच लिहून गेला होता. पेनचा वारसा रिचर्ड कार्लाइल या कथिल काम करणाऱ्या कारागिराने चालवला. १८१९ साली त्याने ‘द रिपब्लिकन’ हे साप्ताहिक काढले आणि पेनची धर्मविषयक पुस्तके छापल्याबद्दल सहा वर्षे डॉर्चेस्टरच्या तुरुंगात काढली. आतून तो लिहीत राहिला. बाहेर दुकान चालवणारी त्याची पत्नी, बहीण आणि एकामागून एक पुढे आलेले विक्रेतेही तुरुंगात गेले. पुढे चार्टिस्टांमध्ये जॉर्ज ज्युलियन हार्नी हा तरुण फ्रेंच क्रांतीची खूण असलेली लाल टोपी घालून भाषणे करी, आणि १८५० मध्ये त्याच्याच ‘रेड रिपब्लिकन’ या पत्रात कम्युनिस्ट जाहीरनाम्याचे पहिले इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले.

परंतु याच जहालांमध्ये एक वेगळा विचारही होता, आणि तो मला अधिक खोल वाटतो. १८३१ ते १८३५ या काळात स्टॅम्प कर न भरता एका पेनीला विकल्या जाणाऱ्या ‘पुअर मॅन्स गार्डियन’ या पत्राचा संपादक ब्रॉन्टेर ओब्रायन हा मालमत्तेवर बोट ठेवीत असे. अमेरिकेत राजा नाही, तरीही तेथे मजूर गरीब आहे आणि गुलामगिरीही आहे. मग केवळ राजा हटवून इंग्लंडमधील मजुराच्या ताटात काय वाढेल, हा या विचाराचा गाभा. जमीन आणि पैसा ज्यांच्या हाती आहे ते मुकुट असो वा नसो, राज्य करतातच. सनदेत राजपदाचा उल्लेख नसण्याचे एक कारण येथे सापडते.

भीतीचा वाटाही नाकारता येत नाही. नोव्हेंबर १८३९ मध्ये वेल्समधील न्यूपोर्ट येथे झालेल्या उठावानंतर जॉन फ्रॉस्ट आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांना राजद्रोहासाठी देहान्ताची शिक्षा झाली, तीही मध्ययुगीन पद्धतीने शरीराचे तुकडे करण्याची. देशभर सभा भरल्या आणि राणीकडे दयेचे अर्ज गेले. शिक्षा बदलून त्यांना काळ्या पाण्यावर पाठवले गेले. ज्या राणीकडे आपल्या माणसांचे प्राण मागायचे, तिचे पद रद्द करण्याची मागणी त्याच श्वासात करता येत नव्हती. एप्रिल १८४८ मध्ये, केनिंग्टन मैदानावरील प्रचंड सभेच्या सुमारास, नवा कायदा झाला आणि राणीला पदच्युत करण्याचा बेत लेखनातून व्यक्त करणेही आजन्म काळ्या पाण्याच्या शिक्षेस पात्र ठरले. वडिलांच्या बाजूने वेस्ट इंडीजमधील गुलामांचा वंशज असलेला लंडनचा शिंपी विल्यम कफी याच कायद्याखाली टास्मानियात गेला. सभेच्या दोन दिवस आधी राजघराणे लंडन सोडून आइल ऑफ वाइट बेटावर निघून गेले होते, त्या अर्थी भीती दोन्ही बाजूंना होती. तरी त्या वसंतातली घोषणा मुद्दाम ऐकण्यासारखी आहे : फ्रान्सला प्रजासत्ताक मिळाले, इंग्लंडला सनद मिळेल. शेजाऱ्यांच्या क्रांतीने भारलेले असतानाही आपली मागणी काय, हे ते विसरले नाहीत.

खर्चाचा प्रश्न मात्र त्यांनी कधीच दबक्या आवाजात विचारला नाही, आणि याला १८४२ च्या राष्ट्रीय अर्जाइतका दुसरा पुरावा नाही. तेहतीस लाखांहून अधिक सह्यांचा तो अर्ज २ मे रोजी संसदेत वाहून नेला, तेव्हा तो इतका मोठा होता की दारातून आत जाईना. त्यात लिहिले होते, की राणीला खासगी खर्चासाठी दररोज १६४ पौंड १७ शिलिंग १० पेन्स मिळतात, आणि हजारो मजूर कुटुंबांना माणशी रोज पावणेचार पेन्स. राणीचे पती अल्बर्ट यांना दररोज १०४ पौंड २ शिलिंग. जर्मनीत राज्य करणाऱ्या हॅनोव्हरच्या राजाला, म्हणजे राणीच्या काकांना, ५७ पौंड १० शिलिंग. कँटरबरीच्या आर्चबिशपला ५२ पौंड १० शिलिंग. मी विद्यार्थ्यांना नेहमी पुढचा हिशेब स्वतः करायला सांगतो. एका पौंडाचे २४० पेन्स. म्हणजे राणीची एका दिवसाची रक्कम ३९,५७४ पेन्स होते, आणि पावणेचार पेन्सांनी भागले तर उत्तर येते दहा हजार पाचशेहून थोडे अधिक. एका व्यक्तीच्या एका दिवसात दहा हजारांवर माणसांचा दिवस सामावलेला होता. अर्जात राणीचा उल्लेख ‘हर मॅजेस्टी’ असा अदबीनेच आहे. ती अदब आणि ते आकडे एकत्र वाचले, म्हणजे या लोकांचा राजपदाकडे पाहण्याचा सूर नेमका कळतो.

अर्ज २८७ विरुद्ध ४९ मतांनी फेटाळला गेला. विरोधात बोलणाऱ्यांत आपल्याकडे शिक्षणविषयक टिपणामुळे परिचित असलेला मेकॉले होता. त्याने एक गोष्ट अचूक ओळखली. सार्वत्रिक मताधिकार हा अमुक एका राज्यपद्धतीला नव्हे, तर मालमत्तेलाच आणि पर्यायाने सर्व राज्यपद्धतींना घातक आहे, असे तो म्हणाला. मुकुटाची काळजी त्याला दुय्यम होती. ओब्रायन आणि मेकॉले हे दोन शत्रू या एका मुद्द्यावर सहमत होते.

चार्टिस्टांनंतर प्रजासत्ताकाचा प्रश्न उघडपणे पुढे आला तो १८७०-७१ मध्ये. अल्बर्ट १८६१ साली वारल्यापासून राणी लोकांसमोर येणे टाळत होती, तिची रक्कम मात्र चालू होती. सप्टेंबर १८७० मध्ये पॅरिसला पुन्हा प्रजासत्ताक झाले. आणि १८७१ मध्ये राजकन्या लुईझला लग्नासाठी ३०,००० पौंड व वर्षाला ६,००० पौंड, तर राजपुत्र आर्थरला वर्षाला १५,००० पौंड देण्याचे ठराव आले. गावोगाव प्रजासत्ताक मंडळे निघाली. त्यांचे सर्वांत परिचित नेते होते चार्ल्स ब्रॅडलॉ आणि जोडे शिवणारा कामगार पुढारी जॉर्ज ओजर. या दोघांभोवतीची माणसे मात्र एकदिलाची नव्हती. ब्रॅडलॉ यांना कायदेशीर मार्गाने, राणीनंतर, राजा नको होता. ओजर यांच्या भोवतालच्या लोकांना जमीन आणि मजुरी यांचाही निकाल हवा होता आणि त्यांतले अनेक जण पॅरिस कम्युनची, म्हणजे १८७१ मध्ये पॅरिसमध्ये उठाव करून स्थापलेल्या कामगारांच्या राजवटीची, बाजू घेत होते. नोव्हेंबर १८७१ मध्ये सर चार्ल्स डिल्क या श्रीमंत खासदाराने न्यूकॅसलला राजघराण्याच्या खर्चावर भाषण केले. पुढे बोल्टन येथील त्याच्या सभेवर राजनिष्ठ जमावाने दगडफेक केली आणि एक माणूस मेला. तेवढ्यात युवराजाला विषमज्वर झाला, १४ डिसेंबरला, म्हणजे अल्बर्टच्या दहाव्या पुण्यतिथीला, तो मरणाच्या दारातून परतला, आणि फेब्रुवारी १८७२ मधील आभारप्रदर्शनाच्या मिरवणुकीत लंडन लोटले. मार्चमध्ये डिल्कने संसदेत खर्चाच्या चौकशीचा ठराव मांडला, त्याला मते पडली दोन. एका तापाने ही चळवळ संपवली असे सर्रास लिहिले जाते. मला ते अर्धवट वाटते. खर्चावर जमलेली गर्दी तत्त्वासाठी टिकवायची कशी, हा प्रश्न त्या आधीच सुटलेला नव्हता, आणि १८६७ च्या कायद्याने शहरी कामगारांच्या मोठ्या भागाला मत मिळाल्याने त्यांच्या संघटनांचे लक्ष संप, मजुरी आणि निवडणुकांकडे वळले होते.

मराठी वाचकासाठी येथे एक खरा दुवा आहे. ज्या राजपुत्र आर्थरच्या वर्षासनाविरुद्ध १८७१ मध्ये कामगारांनी सभा घेतल्या, तोच ड्यूक ऑफ कनॉट म्हणून मुंबई इलाख्याच्या फौजेचा सेनापती झाला. मार्च १८८८ मध्ये पुण्यात त्याच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि येथे जमलेल्या दागदागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांवरून या देशाची परीक्षा करू नका, खेड्यांतली स्थिती पाहा आणि गरिबांच्या शिक्षणाविषयी आपल्या मातोश्रींना सांगा, असे त्यांनी बजावले. फुल्यांनी तरुणपणीच पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले होते. पेन वाचलेला माणूस राणीला निरोप पाठवतो, यात विसंगती आहे असे माझ्या काही विद्यार्थ्यांना वाटते. लव्हेट आठवला म्हणजे तसे वाटत नाही. मधल्या अधिकाऱ्यांच्या भिंतीवरून वरच्याला हाक मारणे ही दोघांचीही रीत होती. ब्रॅडलॉही पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८९ मध्ये, काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईला आले होते.

शतकाच्या अखेरीचा एक प्रसंग मी या प्रश्नाच्या उत्तरात नेहमी शेवटी सांगतो. २३ जून १८९४ रोजी राणी व्हिक्टोरियाला पणतू झाला, जो पुढे आठवा एडवर्ड झाला. त्याच दिवशी वेल्समधील सिलफिनिथ येथील अल्बियन खाणीत स्फोट होऊन २९० माणसे आणि मुले मेली. पाच दिवसांनी कॉमन्समध्ये अभिनंदनाचा ठराव आला. खून झालेल्या फ्रेंच अध्यक्षासाठी सभागृहाने शोक व्यक्त केला होता. खाणीतल्या मृतांसाठी काहीच नव्हते. लहानपणापासून खाणीत काम केलेला खासदार केअर हार्डी उभा राहिला, चहूबाजूंनी आरडाओरडा चालू असताना बोलत राहिला. कोणत्याही वंशपरंपरागत राज्यकर्त्याशी आपण निष्ठेने बांधलेले नाही, असे त्याने सांगितले. हे बाळ खुशमस्कऱ्यांच्या गराड्यात वाढेल, सामान्य माणसांपासून त्याला दूर ठेवले जाईल, आणि या साऱ्याचे बिल अखेर देशाला भरावे लागेल, हेही त्याने त्याच भाषणात सांगितले.